खडकीची युद्ध-दफनभूमी आणि आपली माणसं

आपल्या सरावलीच्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा संपादक मंडळानं आम्हाला निरोप दिला की, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा. बंधू-भगिनींनो, आम्ही काही प्राध्यापक नाही. १९८२ च्या संपात वडिलांची मुंबईची गिरणी सुटली आणि आमची शाळा नववीत सुटली. पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात लागलो, तो आजतागायत. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर आणि लोकल गाडीत. तेव्हा चूकभूल झाली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावी.

विषय मात्र आम्हाला शोधावा लागला नाही. तो रस्त्यात भेटला.

आपल्या विहारातून १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गाडी जाते हे सर्वांना ठाऊक आहे. अशाच एका वर्षी आदल्या दिवशी दुपारीच आमची गाडी पुण्यात शिरली. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळशिवाय खोल्या मिळणार नव्हत्या. ड्रायव्हर पुण्याचा माहीतगार. तो म्हणाला, इथं खडकीला मुळा नदीच्या होळकर पुलाजवळ सोल्जर लोकांचं कब्रस्तान आहे, झाडं आहेत, सावली आहे, तिथं थांबू. गाडीतल्या बायका लगेच म्हणाल्या, "वर्षाच्या शेवटच्या दिवशी मसणात कशाला नेता?" पण उन्हात गाडीत बसण्यापेक्षा ते बरं म्हणून सगळी उतरली.

आत गेलो आणि सगळ्यांची बोलणी आपोआप हळू झाली. हिरवीगार कापलेली हिरवळ, मध्ये दगडी उंच क्रूस, आणि दोन्ही अंगांना रांगाच रांगा. पांढऱ्या शिळा, सगळ्या एका मापाच्या. कवायतीला उभी केलेली पलटणच जणू. प्रत्येक शिळेवर पलटणीचं चिन्ह, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, मेल्याची तारीख, वय. खाली काही ठिकाणी घरच्यांनी लिहून पाठवलेली एखादी ओळ. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती, ती वाचून अर्थ सांगत होती. वयं ऐकून बायका थांबत होत्या. एकोणीस, एकवीस, वीस. मघाशी मसण म्हणणाऱ्या एका मावशींनी एका शिळेवरचा पाचोळा पदरानं झाडला आणि म्हणाल्या, "याच्या आईला हे बघायला तरी मिळालं असेल का गं?"

या ठिकाणी दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक पुरलेले आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये जी थडगी विखुरलेली होती, जिथं त्यांची कायमची निगा राहील याची खात्री नव्हती, तिथून ती इथं आणून एकत्र केली. हे सगळे काही लढाईत पडलेले नव्हेत. लढाई तर ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर चालली होती. पण फौजेच्या मागे तळ असतात, इस्पितळं असतात, मलेरिया आणि पटकी असते, मोटारी उलटतात. युद्धात माणूस मरायला गोळीच लागते असं नाही.

तिथंच एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ठिकठिकाणच्या कब्रस्तानांत पुरलेल्या ज्या सैनिकांची थडगी नीट राखता येईनात, त्यांची नावं त्याच्यावर आहेत. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष जुलै १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीच्या कब्रस्तानातून इथं आणून पुन्हा पुरले. हे वाचलं आणि आम्ही जाग्यावर थांबलो. कारण आमचं बालपण शिवडीच्या चाळीत गेलं. वडील तिथल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. ते सांगायचे, "गोऱ्या सोल्जरांची हाडं इथून काढून पुण्याला नेली." आम्हाला वाटायचं, पोरांना भेडवायला सांगतात. भिंतीपलीकडची ती हाडं कुठं गेली हे आम्हाला पन्नास वर्षांनी खडकीत कळलं. नुसती नेली नव्हती, एकेकाचं नाव सांभाळून नेली होती.

आमच्याबरोबर सातवी-आठवीतली दोन-चार पोरं होती. एकानं सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "काका, उद्या आपण ज्यांना सलामी देणार ती पण सोल्जरच ना? मग आपल्या सोल्जरांची अशी जागा कुठं आहे?"

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या पोराला उशिरानं दिलेलं उत्तर आहे.

आधी ह्या सारख्या मापाच्या दगडांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. पूर्वी लढाईत पडलेल्या साध्या शिपायाला कोणी विचारत नसे. सरदार असेल तर छत्री, जनरल असेल तर पुतळा, आणि शिपाई एका खड्ड्यात. पहिल्या महायुद्धात माणसं लाखांनी मेली. मेली तीही घराघरातली. तेव्हा फेबियन वेअर नावाच्या इंग्रज गृहस्थानं मेलेल्यांच्या जागांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि २१ मे १९१७ रोजी त्यासाठी एक सरकारी आयोग स्थापन झाला. पुढे १९६० पासून त्याला राष्ट्रकुल युद्ध कबर आयोग म्हणतात. खडकीची निगा हाच आयोग ठेवतो.

दफनभूमी कशी असावी हे ठरवायला ब्रिटिश म्युझियमचे प्रमुख सर फ्रेडरिक केन्यन यांना नेमलं. त्यांनी १९१८ साली अहवाल दिला. त्याचा सारांश असा की, मरणात उच्चनीच नाही. जनरल असो की शिपाई, लॉर्डाचा मुलगा असो की खाणीतला मजूर, दगड एकाच मापाचा, रांग एकच. श्रीमंतानं पैसे टाकून मुलाचं प्रेत मायदेशी न्यायचं नाही आणि मोठं थडगं बांधायचं नाही. यावर विलायतेतल्या बड्या घराण्यांनी फार गलका केला. आमचा मुलगा, आम्ही हवं तसं थडगं बांधू, असं त्यांचं म्हणणं. १९२० साली त्यांच्या पार्लमेंटात यावर वाद झाला. पण समानतेचा नियम टिकला.

हे आम्ही प्रथम वाचलं तेव्हा, खरं सांगतो, इंग्रजांबद्दल आदर वाटला. आपल्याकडे स्मशानातसुद्धा आळीआळीची वेगळी जागा. आमच्या मूळ गावी, दापोली तालुक्यात, आपल्या लोकांचं मसण ओढ्याच्या खालच्या अंगाला होतं. पावसाळ्यात तिथं लाकूड पेटत नसे. मेल्यावरही ज्यानं त्यानं आपल्या पायरीवर राहायचं ही आपल्या देशाची रीत. तिथं सगळ्यांना एक दगड म्हणजे मोठीच गोष्ट.

पण मग पुढचं वाचलं.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या वर माणसं फौजेत गेली, शिपाई आणि मजूर-बिगारी धरून, आणि सत्तर हजारांच्या वर मेली. त्यांतली पुष्कळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथं जी डिव्हिजन आधी गेली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, १०३ नंबरची होती. कोकणातली, घाटावरची, मराठी बोलणारी पोरं. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती बगदादच्या दिशेनं चालत गेली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ पासून कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. पाच महिने. आधी धान्य संपलं, मग घोडे-खेचरं मारून खाल्ली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, तेव्हा सुमारे १३,००० माणसं कैद झाली. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत आणि कैदेत हजारो मेले. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळ एका बेटावर आरामात राहिले. आता हे सगळं सांगायला लागलो तर स्मरणिकेत दुसऱ्या कोणाला जागा उरायची नाही.

ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा तिथल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा इथं मोठं स्मारक बांधलं. भिंतींवर नावं कोरली. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची, सुभेदार-जमादारांचीही कोरली. आणि हिंदी शिपायांची? त्यांच्या पलटणीचं नाव लिहिलं आणि पुढे आकडा टाकला. अमुक पलटण, इतके शिपाई. नावं छापील वहीत राहिली, दगडावर आली नाहीत.

केन्यनसाहेबांचा एक दगड, एक माप हा नियम तिथं थांबला.

आम्ही गिरणी-कारखान्यातली माणसं, आम्हाला ही रीत नवी नाही. आम्ही कामाला लागलो तेव्हा बदलीवर होतो. मस्टरवर तिकीट नंबर, पगाराच्या पाकिटावर तिकीट नंबर, मुकादमही नंबरानंच हाका मारायचा. एकदा रात्रपाळीला आमच्याच खात्यातल्या एका बदली पोराचा हात पट्ट्यात गेला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली, त्यात खात्याचं नाव होतं, वेळ होती आणि 'एक कामगार' असं होतं. आम्ही चौघांनी खडूनं खाली त्याचं नाव लिहिलं. दुपारच्या पाळीपर्यंत ते कोणीतरी पुसलं होतं. त्यामुळे बसऱ्याच्या भिंतीवर 'इतके शिपाई' लिहिलंय हे वाचल्यावर आम्हाला ती नोटीस आठवली.

हे काही आमचं रडगाणं नाही. खुद्द त्या आयोगानंच ते कबूल केलं आहे. विलायतेत काही अभ्यासकांनी प्रश्न उचलला, २०१९ साली डेव्हिड लॅमी या कृष्णवर्णीय खासदारानं टीव्हीवर तो मांडला. मग आयोगानं चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल २२ एप्रिल २०२१ ला आला. त्यात म्हटलं आहे की, पहिल्या महायुद्धात मेलेल्या अंदाजे ४५,००० ते ५४,००० सैनिकांची आठवण असमान रीतीनं ठेवली गेली. हे बहुतेक हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली होते. आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतही, नावानिशी आठवण ठेवलीच नाही, काहींची तर मुळीच ठेवली नाही. त्यांत पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे लोक जास्त. त्याच दिवशी ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. कारण काय सापडलं? त्या काळच्या साहेबांची पत्रं. त्यांत लिहिलेलं की, या लोकांना थडग्याच्या दगडाचं काय कळणार, ते अजून तितके सुधारलेले नाहीत. नैरोबी, मोंबासा आणि दारेस्सलामला आफ्रिकी शिपायांचे पुतळे उभारले, पण पुतळ्यावर कोणाचं नाव नाही. हे तर्कशास्त्र आपल्याला चांगलं ओळखीचं आहे. फक्त आपल्याकडे ते संस्कृतात होतं.

खडकीच्या त्या स्मारकावर, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आघाडीपासून दूर मेलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या १९३ सैनिकांचीही नावं आहेत. ब्रह्मदेशच्या जंगलात आफ्रिकेतल्या तीन डिव्हिजनी लढल्या हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? कोण कुठचे, कोणाच्या राज्यासाठी आले आणि कुठं राहिले. पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी त्यांच्यापुढे उभे राहा.

आता पोराच्या प्रश्नाकडे. आपली माणसं कुठं आहेत?

हिंदू म्हणून नोंद झालेल्या सैनिकांना अग्नी देत. पूर्वाश्रमीचे महार शिपाई त्यातच धरलेले. त्यामुळे कबर नाही. फ्रान्समध्ये लढून जखमी झालेले हिंदी शिपाई इंग्लंडात ब्रायटनच्या इस्पितळात आणले जात. तिथं मेलेल्या ५३ हिंदू-शीख शिपायांना गावाबाहेर टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी १९२१ साली संगमरवरी छत्री बांधली. सुरेख आहे म्हणतात. पण त्या ५३ जणांची नावं तिथं लागायला २०१० साल उजाडलं. एकोणनव्वद वर्षं.

दुसऱ्या महायुद्धात मात्र फरक पडला. अविभक्त हिंदुस्थानचे सुमारे ८७,००० सैनिक त्या युद्धात गेले. रंगूनजवळ तौक्यान इथं मोठी दफनभूमी आहे. तिथल्या खांबांवर, ब्रह्मदेशात पडलेल्या आणि थडगं नसलेल्या जवळजवळ २७,००० जणांची नावं आहेत. त्यांत हिंदी शिपायांची नावं हजारोंनी, साहेबांच्या बरोबरीनं कोरलेली. अग्नी दिलेल्यांसाठी तिथंच वेगळं स्मारक आहे, हजारावर नावांचं. कोहिमाला असंच ९१७ जणांचं, इंफाळला ८६८ जणांचं. आणि आपल्या डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी एक सांगतो. जहाजांवर मेलेल्या आणि समुद्रातच राहिलेल्या हिंदी खलाशांसाठी मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या गृहात स्मारक आहे. तो वेगळा लेख होईल, कोणीतरी लिहावा.

म्हणजे पहिल्या युद्धात आकडा आणि दुसऱ्यात नाव. पण आम्हाला जे सगळ्यात जास्त खटकलं ते दुसरंच. दुसऱ्या दिवशी कोरेगावला स्तंभापुढे उभं राहिल्यावर ते लक्षात आलं.

कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून आदल्या रात्री निघाला. बरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, सुमारे पाचशे शिपाई, थोडे घोडेस्वार, दोन तोफा आणि चोवीस गोरे गोलंदाज. दिवसभर लढाई झाली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून कंपनीची २७५ माणसं खर्ची पडली. २६ मार्च १८२१ ला स्तंभाचा पाया घातला. त्याच्यावर पडलेल्यांची नावं कोरली. ४९ नावं, त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाची. हा प्रत्यय कोणाचा हे सरावलीच्या विहारात सांगायला नको. ज्या गावात त्यांची सावली चालत नव्हती त्या गावाशेजारी त्यांची नावं दगडावर, अधिकाऱ्यांच्या नावाबरोबर.

कंपनी सरकार काही समतेचं भोक्तं नव्हतं. तिला शिपाई हवे होते आणि शिपायाला मान दिला की तो टिकतो हे तिला कळत होतं. तरी नाव कोरलं ते कोरलं. आता हिशेब मांडा. १८२१ साली एका तुकडीच्या साध्या शिपायाचं नाव दगडावर येतं. त्यानंतर शंभर वर्षांनी, त्याच राज्याच्या कारकिर्दीत, बसऱ्याला त्याच शिपायाच्या नातवाच्या वाट्याला आकडा येतो. शंभर वर्षांत राज्य सुधारलं की बिघडलं?

मध्ये काय झालं तेही सांगायला हवं. १८५७ नंतर साहेबांच्या डोक्यात लढवय्या जातींचं खूळ शिरलं. कोणती जात लढवय्यी आणि कोणती नाही याच्या याद्या झाल्या. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांची नावं कोरेगावला कोरली होती त्यांना सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही! दापोलीच्या कँपात पेन्शनर लोकांची वस्ती होती. सुभेदार रामजी आंबेडकरही निवृत्तीनंतर काही काळ तिथं राहिले. या लोकांचा पोटाचा आणि शाळेचा आधार तुटला. फौजेत शिपायांच्या मुलांना शिक्षण होतं, रामजीबाबा स्वतः फौजेच्या शाळेत शिक्षक होते. गोपाळबाबा वलंगकर याच पेन्शनरांपैकी, त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. ऐकलं कोणी नाही. मग युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा, १९१७ साली, १११ महार ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते असं. कारखान्यात याला 'ब्रेक देणं' म्हणतात.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले ते उगाच नव्हे. तिथं दगडावर पुरावा होता. पुढे १९४१ मध्ये ते संरक्षण परिषदेवर आले, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. म्हणजे १८२१ साली कोरलेली ती नावं एकशे वीस वर्षांनी उपयोगाला आली.

विहारात हा विषय निघाला तेव्हा एका उपासिकेनं आम्हाला सरळ विचारलं, "पंचशील घेणाऱ्यांनी लढायांचा कशाला अभिमान धरायचा? पहिलंच शील काय आहे?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही लढाईचा अभिमान धरत नाही. कूतला आमची पोरं घोड्याचं मांस खाऊन ज्या राज्यासाठी मेली ते राज्य त्यांचं नव्हतं. पण मेलेल्याचं नाव राखणं ही गोष्ट लढाईपेक्षा जुनी आहे आणि ती आपल्या धम्मातली आहे. बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांत एका बाजूला विटांच्या छोट्या छोट्या स्तूपांची जागा सापडली. तिथं निर्वाण पावलेल्या स्थविरांच्या नावाच्या शिळा मिळाल्या. त्याच लेण्यांत पाण्याच्या पोढीवर, बाकावर, दान देणाऱ्या लोहाराचं, सोनाराचं नाव आहे, गाव आहे. कल्याणचा, सोपाऱ्याचा असं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर लोहाराचं नाव दगडावर येत होतं.

आता घरचं सांगतो आणि थांबतो.

आमच्या आईचे एक चुलते युद्धाच्या काळात दापोलीहून भरती झाले. कोणत्या पलटणीत ते घरात कोणाला सांगता येत नाही. ते ब्रह्मदेशात गेले आणि परत आले नाहीत. दरमहा येणारी मनिऑर्डर बंद झाली तेव्हा घरी कळलं, कागद मागाहून आला. एक पितळी रंगाचा तारा आला होता. मागे नाव कोरलेलं होतं म्हणे. एका दुष्काळी वर्षी तो मोडीत गेला. कागद पागोळीच्या पाण्यात गेला. आई होती तोवर भाताची पहिली मूठ त्यांच्या नावानं बाजूला काढायची. तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं.

खडकीहून आल्यावर आमच्या मुलीनं मोबाईलवर त्या आयोगाची नोंदवही उघडली. कोणालाही फुकट बघता येते. नाव टाकायचं, देश टाकायचा. काही शिपायांच्या पुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं असतं. काहींच्या पुढे नुसता नंबर आणि तारीख. आमच्या आजोबांच्या नावाचे तीन शिपाई निघाले. एकाच्या बापाचं नाव जुळेना. दुसरा उत्तरेकडचा निघाला. तिसऱ्याचं नाव रंगूनच्या स्मारकावर आहे, पण बापाचं नाव नाही, गाव नाही. तो आमचा असेल, नसेलही. आम्ही त्या रात्री त्या नोंदीकडे बराच वेळ बघत बसलो होतो. सकाळी पाळी होती.

यातून एक काम सुरू केलं आहे आणि त्यात सर्व कुटुंबांनी हातभार लावावा ही विनंती. विहाराच्या कपाटात एक लांब वही ठेवली आहे. ज्यांच्या घरातलं कोणी फौजेत होतं, मग ते पहिल्या युद्धात असो, दुसऱ्या युद्धात, की पासष्ट-एकाहत्तरच्या लढाईत, त्यांनी येऊन लिहायचं. नाव, बापाचं नाव, मूळ गाव, तालुका. पलटण आणि नंबर माहीत असेल तर उत्तम. बिल्ला, डिस्चार्जचा कागद, पेन्शनची वही, जुना फोटो, काहीही असेल तर आणून दाखवा, ठेवून घेणार नाही, उतरवून परत देऊ. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, त्याआधीच्या कागदांत आपण ठाणे जिल्ह्यात आहोत आणि कोकणातून आलेली मंडळी रत्नागिरी-कुलाब्यात, हे शोधताना लक्षात ठेवा. जुन्या म्हाताऱ्यांना आधी विचारा, त्यांच्याकडे वेळ कमी आहे. आडनाव सांगू नका म्हणावं, तेव्हा आडनावं नव्हती. घरात काय म्हणून हाक मारायचे ते विचारा.

वहीत सध्या अकरा नावं आहेत. पहिलं आमच्या आईच्या चुलत्यांचं. इंग्रजी स्पेलिंग नक्की काय केलं असेल ते ठरेना, म्हणून मुलीनं तीन प्रकारे लिहिलं आहे, एकाखाली एक.